दृष्टान्त एकदेशी असतो: आकलनाच्या परीक्षेतले साम्यप्रश्न

विषय वाचून काहीजणांना वाटलं असेल की हा क्लासवाल्यांचा विषय आहे, समीक्षेच्या व्याख्यानमालेत त्याचं काय काम? माझं उत्तर साधं आहे. परीक्षेतला प्रश्न हाही कुणीतरी लिहिलेला मजकूर असतो. एखादी कविता जितक्या बारकाईने वाचली जात नाही तितक्या बारकाईने तरुण मुलं-मुली हा मजकूर वाचतात, कारण त्यांचा प्रवेश त्यावर ठरणार असतो. इतक्या जिवावर उदार होऊन वाचल्या जाणाऱ्या मजकुराची समीक्षा व्हायला नको का?

आज मी फक्त एकाच प्रकारचा प्रश्न घेणार आहे. एलसॅट, जीमॅट, जीआरई या अमेरिकन प्रवेशपरीक्षांत आकलनाचे उतारे असतात, ज्याला आपली मुलं 'आरसी' म्हणतात. उताऱ्याखालच्या प्रश्नांत अधूनमधून असा एक येतो: 'उताऱ्यात वर्णन केलेल्या परिस्थितीशी पुढीलपैकी कोणती परिस्थिती सर्वाधिक मिळतीजुळती आहे?' मग पाच पर्याय. उतारा असतो प्रवाळांवर, आणि पर्यायांमध्ये बेकरी, ग्रंथालय, बुद्धिबळाचा संघ, काय वाट्टेल ते. मुलं गोंधळतात. उताऱ्यात हे कुठेच नाही, मग उत्तर शोधायचं कुठे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाचलेलं खरंच समजलं का, हे तपासणारा या परीक्षांतला हा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. पण तो शिकवला फार वाईट जातो, आणि त्याला स्वतःची एक मर्यादा आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या परीक्षेला, चौथी-सातवीच्या किंवा पाचवी-आठवीच्या, बसलेल्या प्रत्येकाला 'समसंबंध' हा शब्द माहीत असतो. डॉक्टर जसा दवाखान्यात, तसा शिक्षक कुठे? तर शाळेत. अमेरिकेच्या सॅट परीक्षेत असे शब्दांचे समसंबंध अगदी पहिल्या, म्हणजे १९२६ च्या परीक्षेपासून होते. त्यातला एक प्रश्न पुढे फार बदनाम झाला. धावपटूचं मॅरेथॉनशी जे नातं, ते कुणाचं कशाशी? उत्तर होतं वल्हवणाऱ्याचं 'रिगाटा'शी. रिगाटा म्हणजे नौकांच्या शर्यती. आता हा शब्द कुणाच्या घरात ऐकू येतो? ज्यांच्या घरी नौका आहे त्यांच्या. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती पाहात वाढलेल्या मुलाला धावपटू-मॅरेथॉन हे नातं समजतं, वल्हं मारणारा आणि होड्यांची शर्यत हे नातंही समजतं. त्याला अडवतो तो फक्त शब्द. म्हणजे प्रश्न नावाला नात्याचा होता, आणि मोजत होता शब्दसंग्रह, पर्यायाने घरची परिस्थिती.

२००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी एका भाषणात सांगितलं की एका महागड्या खाजगी शाळेत त्यांनी बारा वर्षांची मुलं सॅटसाठी शब्दांचे समसंबंध घोकताना पाहिली. अ‍ॅटकिन्सन स्वतः मानसशास्त्रज्ञ, स्मृतीवर संशोधन केलेला माणूस. प्रवेशासाठी ही परीक्षा मागणं विद्यापीठाने बंद करावं, असं त्यांनी सुचवलं. कॅलिफोर्नियासारखं गिऱ्हाईक हातचं जाणार म्हटल्यावर परीक्षा बदलायलाच हवी होती. २००५ मध्ये सॅटमधून शब्दसमसंबंध गेले, २०११ मध्ये जीआरईमधूनही. त्यांच्यासाठी अश्रू ढाळावेत असं मला वाटत नाही.

पण उताऱ्यातले साम्यप्रश्न टिकले, आणि त्यामागे कारण आहे. शब्दांच्या समसंबंधात नातं तुम्हाला बाहेरून आणावं लागतं, तुमच्या घरातून, तुमच्या कोशातून. उताऱ्यातल्या साम्यप्रश्नात नातं उताराच पुरवतो. होड्या माहीत नसल्या तरी चालतं. उताऱ्यात कोणत्या गोष्टीचं कशाशी काय नातं आहे तेवढं पकडलंत की झालं. निदान हेतू तरी तसा आहे.

आता नमुन्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. पुढचा उतारा आणि प्रश्न मी या व्याख्यानासाठी रचला आहे. घटना खरी आहे, बेतणी परीक्षेची आहे.

उतारा असा: १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. ज्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, तिथे बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुइणींच्या विभागापेक्षा बरंच जास्त होतं. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. ही घट त्याच्या सहकाऱ्यांना दिसत होती. पण हाताला चिकटून आलेला कुठलासा पदार्थ एका विशिष्ट रोगाला कारण होतो, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यकीय उपपत्तींत बसत नव्हती. त्यामुळे अनेकांनी ती पद्धत स्वीकारली नाही.

प्रश्न: सहकाऱ्यांच्या प्रतिसादाशी सर्वाधिक मिळतीजुळती परिस्थिती कोणती?

अ: एका डॉक्टरने नवं औषध तयार केलं, पण त्याचा गुण येतो हे पुरेशा रुग्णांवर दिसलं नव्हतं, म्हणून इतर डॉक्टरांनी ते वापरलं नाही.
आ: एका इस्पितळाला नवं यंत्र सुचवलं गेलं, उपयोग सर्वांना मान्य होता पण खर्च परवडणारा नव्हता, म्हणून बेत सोडून दिला.
इ: एका शेतकऱ्याच्या पेरणीच्या रीतीने पीक वाढतं हे कृषितज्ज्ञांनी पाहिलं, पण ते का वाढतं याचा त्यांच्या शास्त्राशी मेळ बसेना, म्हणून त्यांनी तिची शिफारस केली नाही.
ई: एका संगीतकाराच्या चाली त्याच्या काळातल्या रसिकांना रुचल्या नाहीत, त्याच्या मृत्यूनंतर त्या लोकप्रिय झाल्या.
उ: एका गणितज्ञाने एक सिद्धता मांडली, ती तपासायला इतरांना वेळ नव्हता, म्हणून ती वर्षानुवर्षं पडून राहिली.

मिनिटभर घ्या.

बरोबर उत्तर इ. ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आलेलं दिसतंय. पण चुकीचे पर्याय जास्त बोलके आहेत, तिकडे आधी जाऊ.

अ आणि आ मध्ये डॉक्टर आहेत, इस्पितळ आहे. उतारा इस्पितळाचा, पर्याय इस्पितळाचा, हात आपोआप तिकडे जातो. आपल्या न्यायदर्शनात 'उपमान' नावाचं प्रमाण आहे आणि त्याचं ठरलेलं उदाहरण आहे गवयाचं. शहरातल्या माणसाला वनवासी सांगतो की गवय गायीसारखा असतो. तो माणूस रानात जातो, गायीसारखं जनावर बघतो आणि म्हणतो, हाच गवय. इथे सारखेपणा दिसण्याचा आहे. रानात हे ज्ञान उपयोगी पडतं, परीक्षेत मात्र दगा देतं. प्रश्न रचणारा मुद्दाम गायीसारखं दिसणारं जनावर पहिल्या पर्यायात बांधून ठेवतो.

ई चा सापळा वेगळा आहे, आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो. हयातीत उपेक्षा, मेल्यावर जयजयकार, ही कथा आपण सगळे डोक्यात घेऊनच फिरतो. मराठी वाचकाला तर उपेक्षित प्रतिभावंत फारच प्रिय. सेमेलवाइसचं नाव ऐकलेल्या माणसाला पुढचंही माहीत असतं, की तो १८६५ मध्ये गेला आणि त्याचं म्हणणं नंतर मान्य झालं. म्हणजे ज्याला जास्त माहिती आहे त्याला ई जास्त खुणावतो! पण उताऱ्यात त्याच्या मृत्यूचा उल्लेख नाही, नंतरच्या मान्यतेचा नाही. ते वाचकाने स्वतःच्या पदरचं घातलं. खरा इतिहास या सहा-सात वाक्यांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे. त्याचा फटकळ स्वभाव, लिहिण्यातली दिरंगाई (त्याचा ग्रंथ १८६१ मध्ये आला), इस्पितळातलं राजकारण, सगळं आहे. पण प्रश्न इतिहासाबद्दल नाही. या उताऱ्याने त्या इतिहासातून काय उचललं, हा प्रश्न आहे.

आता शिकवण्याकडे येते. क्लासमध्ये आणि मार्गदर्शकांत साधारणपणे एकच युक्ती सांगितली जाते: उताऱ्यातली नावंगावं खोडा, सांगाडा काढा, आणि तोच सांगाडा पर्यायांत शोधा. 'क' ने नवीन काही आणलं, 'ख' ने ते स्वीकारलं नाही. ऐकायला छान वाटतं. करून बघा. औषध आणलं, वापरलं नाही. यंत्र सुचवलं, घेतलं नाही. रीत आणली, शिफारस नाही. चाली रुचल्या नाहीत. सिद्धता पडून राहिली. पाचही पर्याय बसले! कांदा सोलत गेलात की शेवटी हातात काही उरत नाही, तशी गत. सांगाडा काढा हे सांगणं सोपं आहे. सोलणं कुठे थांबवायचं, हे कुणी सांगत नाही, आणि खरं वाचन तिथेच आहे.

मग कुठे थांबायचं? मी विद्यार्थ्यांना एक कसोटी देते. उताऱ्यातलं एकेक वाक्य झाका आणि विचारा, हे नसतं तर काय बिघडलं असतं? 'ही घट त्याच्या सहकाऱ्यांना दिसत होती.' किती लहान, किती निरुपद्रवी वाक्य. गोष्ट फक्त नकाराची असती तर लेखकाला ते लिहायची गरज नव्हती. त्याने ते लिहिलं, कारण त्याला सांगायचंय की पुरावा समोर असूनही नकार आला. आणि पुढचं वाक्य सांगतं की नकार कशाच्या जोरावर आला: उपपत्तीत बसत नाही म्हणून. या दोन वाक्यांच्या मधल्या 'पण' वर उतारा उभा आहे. सोलणं त्या 'पण' पाशी थांबवा, इ शिवाय काही उरत नाही.

याची उलट परीक्षा घेऊ. ते लहान वाक्य काढून तिथे असं घालते: 'पण ही घट एकाच इस्पितळातली, थोड्याच महिन्यांतली होती, आणि ती योगायोगाने झाली नसेल याची सहकाऱ्यांना खात्री नव्हती.' आणि उपपत्तीचं वाक्य गाळते. बाकी उतारा जसाच्या तसा. आता उत्तर काय? अ! विषय तोच, माणसं तीच, निकाल तोच, आणि उत्तर इ वरून अ वर गेलं. ज्याने पहिल्या वाचनात फक्त 'सेमेलवाइस, हात धुणं, नकार' एवढंच टिपलं त्याला दोन्ही उतारे एकच वाटतील. दुसरा कुठला प्रश्न हा फरक इतक्या स्वच्छपणे पकडतो? 'सहकाऱ्यांनी पद्धत का नाकारली' असं सरळ विचारलं तर उत्तराची ओळ शोधून शब्द जुळवता येतात, न समजताही. साम्यप्रश्नात शब्द जुळवायला मिळतच नाहीत. म्हणून मी त्याला प्रामाणिक म्हणाले.

मराठीत याची परंपरा जुनी आहे. महानुभावांचा 'दृष्टान्तपाठ' तेराव्या शतकातला. त्याची बांधणी त्रिपदरी: चक्रधरांचं सूत्र, मग दृष्टान्त, आणि मग केसोबासांनी जोडलेलं दार्ष्टान्तिक. दार्ष्टान्तिक म्हणजे काय, तर दृष्टान्तातलं काय सूत्रातल्या कशाला लागू पडतं त्याचा उलगडा. गोष्ट सांगून सोडून दिली नाही, तिचा कुठला भाग घ्यायचा ते बांधून दिलं. कीर्तन-प्रवचनातलं एक वाक्य आपण ऐकलेलं असतं, की दृष्टान्त एकदेशी असतो. चंद्रासारखं मुख म्हटलं तर डाग घ्यायचे नाहीत. परीक्षेतल्या साम्यप्रश्नात दृष्टान्त पाच दिलेले असतात, सूत्र उताऱ्यात दडलेलं असतं, आणि दार्ष्टान्तिक विद्यार्थ्याने मनातल्या मनात लिहायचं असतं. उत्तराचा गोळा काळा करायच्या आधी ते एक वाक्य मनात तयार नसेल, तर उत्तर बरोबर येऊनही तो नेम नव्हे, लागलेला मटका आहे.

आता मर्यादेकडे. एकदेशी म्हणायचं, तर तो देश निवडला कुणी? प्रश्न रचणाऱ्याने. माझ्याच प्रश्नात बघा, मी विचारलं 'सहकाऱ्यांच्या प्रतिसादाशी'. पण उताऱ्याची पहिली दोन वाक्यं पुन्हा वाचा. शिकलेल्या डॉक्टरांच्या विभागात बायका जास्त मरत होत्या आणि सुइणींच्या विभागात कमी. माझ्या दृष्टीने उताऱ्यातली सर्वांत हादरवणारी गोष्ट ती आहे. ज्यांच्याकडे ज्ञान जास्त, त्यांच्याच हातून मरण जास्त, आणि तेही ज्ञान मिळवायला केलेल्या शवविच्छेदनामुळे. यासाठी माझ्या पाच पर्यायांत जागाच नाही. जी विद्यार्थिनी त्या वाक्यापाशी थबकली, तिचं वाचन कमी दर्जाचं आहे का? मुळीच नाही. पण परीक्षा तिला गुण देणार नाही, उलट तिची दोन मिनिटं गेली म्हणून शिक्षा करील. आणि कुणी म्हणेल, इ मध्ये शेतकरी आणि तज्ज्ञ असा भेद आहे, सेमेलवाइस तर स्वतः डॉक्टर होता, मग साम्य कसं? हरकत योग्य आहे. तिला परतवून लावतो तो प्रश्नातला 'सर्वाधिक' हा एक शब्द. साम्य पूर्ण आहे असा आमचा दावाच नाही, बाकीच्यांपेक्षा बरं आहे एवढंच. प्रश्नकर्त्याचं चिलखत आहे ते. विद्यार्थ्याने त्याचा अर्थ नीट घ्यावा: बिनचूक पर्याय शोधायचा नाही, कुठल्या पर्यायातला फरक उताऱ्याच्या 'पण' ला धक्का लावत नाही ते बघायचं.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी केलेला एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. तीव्र किरणांनी ती नष्ट होईल पण वाटेतलं निरोगी मांसही जळेल. काय करावं? कोडं मूळ कार्ल डुंकर यांचं. फारच थोड्यांना, साधारण दहातल्या एकाला ते सुटतं. मग काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. सेनापतीला किल्ला घ्यायचाय, पण मोठं सैन्य एका रस्त्याने गेलं तर सुरुंग फुटतील, म्हणून तो लहान तुकड्या चहूबाजूंनी पाठवतो आणि त्या एकाच वेळी किल्ल्यावर पोचतात. उत्तर तिथेच आहे, सौम्य किरण अनेक दिशांनी सोडा. तरीही गोष्ट वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ती आठवली नाही. 'मघाची गोष्ट उपयोगी पडेल' एवढी सूचना दिल्यावर मात्र साधारण तीन-चतुर्थांश लोकांनी कोडं सोडवलं. म्हणजे अवघड काम साम्य जुळवण्याचं नाही. इथे साम्य आहे हे सुचण्याचं काम अवघड. आणि परीक्षा नेमकं तेच स्वतः करून टाकते. इथे साम्य आहे असं सांगते, वर पाच उमेदवारही आणून उभे करते.

एलसॅट ही कायद्याच्या शिक्षणासाठीची परीक्षा, म्हणून तिथे हे जास्त बोचतं. वकिलाला पूर्वीचा निवाडा कुणी पर्याय म्हणून देत नाही. तो शोधावा लागतो. आणि विरुद्ध बाजूचा वकील दुसरा निवाडा घेऊन उभा असतो, म्हणतो की या खटल्याशी साम्य माझ्याच निवाड्याचं. तिथे देश कुठला घ्यायचा यावरच भांडण चालतं. परीक्षेत ते भांडण बंद खोलीत आधीच निकालात निघालेलं असतं.

जाता जाता एक गोष्ट. २०२४ पासूनच्या डिजिटल सॅटमध्ये उतारे २५ ते १५० शब्दांचे झाले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न. सोय असेल. पण एखाद्या वाक्याचं साऱ्या मांडणीत काय काम आहे हे विचारायला मांडणी थोडी तरी लांब लागते. एवढ्या उताऱ्यात 'पण' यायच्या आत उतारा संपतो.

(प्रश्नोत्तरांतून)

श्रोता: मॅडम, हे सगळं पटतं. पण एलसॅटमध्ये ३५ मिनिटांत चार उतारे असतात. वाक्यं झाकून बघायला वेळ कुठे असतो?

बरोबर आहे, एका उताऱ्याला नऊ मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून झाकायचं काम प्रश्नापाशी येऊन करायचं नाही, पहिल्या वाचनातच करायचं. 'पण', 'असूनही', 'त्यामुळे' या शब्दांपाशी पेन्सिल थांबली पाहिजे. घरी सराव करताना मात्र वेळ लावायचा. चार मुलांनी एकाच उताऱ्यावर आपापला सहावा पर्याय लिहायचा, आणि मुद्दाम चुकीचा असा सातवाही. चुकीचा पर्याय लिहिताना कुठली कडी तोडायची ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवलं की कड्या किती आहेत ते कळतं. माझ्या वर्गात सुइणींच्या वाक्यावरचे पर्याय या सरावातच पहिल्यांदा येतात.

आणि परीक्षेत, पर्याय वाचताना 'म्हणून' च्या लगेच आधीचा तुकडा पहिल्यांदा बघा. आजच्याच पाचांत बघा ना. गुण दिसला नव्हता म्हणून, गेला. खर्च परवडला नाही म्हणून, गेला. वेळ नव्हता म्हणून, गेला. ई मध्ये तर 'म्हणून' च नाही. चाली का रुचल्या नाहीत ते तो सांगतच नाही. या सगळ्याला वीस सेकंदही लागत नाहीत, मात्र उताऱ्यातला 'त्यामुळे' आधी हाती लागलेला असला पाहिजे.